सांडपाणी शुद्धीकरण : रसायने आणि जिवाणू यांची सांगड

कापड रंगवून झाल्यावर हौदात उरलेल्या पाण्याचे पुढे काय होते, हा प्रश्न कापड विकत घेणाऱ्याला सहसा पडत नाही. पंचगंगेकाठची इचलकरंजी, चादरी आणि टॉवेलसाठी प्रसिद्ध असलेले सोलापूर किंवा तामिळनाडूतील होजिअरीचे माहेरघर तिरुपूर येथील रहिवाशांना मात्र तो टाळता येत नाही. गावाबाहेरच्या ओढ्याचे पाणी आज निळे तर उद्या तांबडे दिसू लागले, की कोणत्या रंगाचे कापड निघते आहे हे तेथे वेगळे सांगावे लागत नाही. असे पाणी स्वच्छ करण्याचे दोन मोठे मार्ग विज्ञानाने दिले आहेत. एक रसायनांचा आणि दुसरा सूक्ष्मजीवांचा. दोन्ही मार्ग शंभर वर्षांहून जुने आहेत आणि एकट्याने चालल्यास दोन्ही अपुरे पडतात. जिवाणू स्वस्तात काम करतात, पण काही पदार्थांना ते तोंडच लावत नाहीत. रसायने जवळजवळ काहीही फोडू शकतात, पण त्यांचा खर्च कारखान्याला पेलत नाही. म्हणूनच या दोहोंची सांगड कशी घालावी, आधी कोणाला कामाला लावावे आणि नंतर कोणाला, हा आज सांडपाणी शास्त्रातील अत्यंत महत्त्वाचा विषय बनला आहे.

दोन मापे, दोन कहाण्या

सांडपाण्यात किती घाण आहे हे सांगण्यासाठी दोन मापे वापरली जातात. पहिले माप जैवरासायनिक प्राणवायू मागणीचे. ते 'बीओडी' या आद्याक्षरांनी ओळखले जाते. पाण्यातील सेंद्रिय द्रव्य खाऊन संपवताना जिवाणूंना किती प्राणवायू लागतो, हे त्यातून कळते. भारतात ही चाचणी २७ अंश सेल्सिअस तापमानाला तीन दिवस चालते. दुसरे माप रासायनिक प्राणवायू मागणीचे, म्हणजेच 'सीओडी'चे. यात जिवाणूंना विचारलेच जात नाही. पाणी तीव्र आम्लात डायक्रोमेटबरोबर सुमारे दोन तास उकळतात आणि जवळजवळ सर्व सेंद्रिय द्रव्याचे ऑक्सिडीकरण घडवून आणतात.

या दोन आकड्यांतील अंतर फार बोलके असते. घरगुती मैलापाण्यात बीओडी हा सीओडीच्या साधारण निम्मा भरतो. अशा पाण्यातील घाण जिवाणूंच्या आवाक्यातील आहे असा त्याचा अर्थ होतो. हे गुणोत्तर ०.३ च्या खाली घसरले, की पाण्यात जिवाणूंना न पचणारे किंवा त्यांना मारक ठरणारे काहीतरी आहे असे तज्ज्ञ समजतात. रंग, औषधे, कीटकनाशके आणि रसायने बनवणाऱ्या कारखान्यांच्या पाण्यात हा अनुभव नेहमी येतो.

नदीनाल्यात सोडावयाच्या औद्योगिक सांडपाण्यासाठी भारतातील सर्वसाधारण मर्यादा लिटरमागे ३० मिलिग्रॅम बीओडी आणि २५० मिलिग्रॅम सीओडी अशी आहे. जिवाणूंची टाकी नीट चालवली तर पहिली मर्यादा गाठणे फारसे अवघड नसते. अडचण येते ती दुसऱ्या मर्यादेपाशी. जिवाणूंनी आपले ताट चाटूनपुसून स्वच्छ केलेले असते, तरीही सीओडी चारशे-पाचशेवर अडून बसतो. मागे उरलेला हा भाग त्यांच्या दृष्टीने अन्नच नसतो.

रसायनांकडून जिवाणूंकडे

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहरांच्या मैलापाण्यावर रसायनांचाच इलाज केला जाई. लंडनमध्ये चुना आणि लोहाचे क्षार घालून घाण तळाशी बसवली जाई आणि १८८७ पासून तो गाळ जहाजांत भरून समुद्रात नेऊन टाकला जाई. पाणी निवळत असे, पण घाण नाहीशी होत नसे. ती केवळ पाण्यातून गाळात जाई. जंतू मारण्यापेक्षा त्यांच्याकडूनच काम करून घ्यावे, असे लंडनचे रसायनतज्ज्ञ विल्यम डिब्डिन यांनी त्याच सुमारास आग्रहाने मांडले. मुंबईही या प्रयोगांपासून दूर नव्हती. माटुंग्याच्या कुष्ठालयात सांडपाण्याच्या बंद टाक्यांमधून निघणारा वायू १८९७ साली गोळा केला गेला आणि त्यावर इंजिन चालवले गेले, अशी नोंद जैववायूच्या इतिहासात आढळते.

खरे वळण मिळाले ते मँचेस्टर शहरात. तेथील गिल्बर्ट फाउलर यांनी मम्फर्ड या सहकाऱ्यासह १९१३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. सांडपाण्यात अल्प प्रमाणात लोहाचा क्षार व 'एम ७' नावाचा जिवाणू घालून हवा फुंकली असता पाणी चांगले निवळते, असे त्यांनी दाखवले. रसायन आणि जिवाणू यांना एकाच टाकीत आणण्याचा हा अगदी प्रारंभीचा प्रयत्न म्हणता येईल. पुढच्याच वर्षी, ३ एप्रिल १९१४ रोजी, फाउलर यांच्या मार्गदर्शनाखाली काम करणारे एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी आपला निबंध वाचला. सांडपाण्यात नुसती हवा फुंकली तर त्यातील अमोनियाचे पूर्ण ऑक्सिडीकरण व्हायला पाच आठवडे लागत होते. मात्र दर वेळी तळाशी बसलेला गाळ फेकून न देता त्यावरच नवे सांडपाणी ओतत गेल्यावर हे काम चोवीस तासांच्या आत होऊ लागले. तो गाळ म्हणजे जिवाणूंची जिवंत वसाहतच होती. या पद्धतीला 'सक्रिय गाळ पद्धत' असे नाव मिळाले आणि जगभरातील बहुतेक मोठी शहरे आज तिच्यावर किंवा तिच्या सुधारित रूपांवर अवलंबून आहेत. फाउलर स्वतः १९१६ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले आणि या विद्येची भारतात रुजवण करण्यात त्यांचा मोठा वाटा राहिला.

आपल्याकडील कारखान्यांत या जिवंत गाळाचा जन्म आजही घरगुती रीतीने होतो. नवी टाकी सुरू करताना तीत ताजे शेण कालवतात, जोडीला थोडा गूळ घालतात किंवा चालू केंद्रातून गाळाचे विरजण आणतात. कारखान्याच्या पाण्यात नत्र आणि स्फुरद नसल्यास युरिया आणि डीएपी ही शेतातील खतेच टाकीत घालावी लागतात. शंभर भाग बीओडीला पाच भाग नत्र आणि एक भाग स्फुरद हे त्याचे रूढ प्रमाण आहे.

चिंचेचे आम्ल आणि जांभळा रंग

दुसऱ्या मार्गाची कथाही अशीच रंजक आहे. केंब्रिजमध्ये शिकत असलेले हेन्री फेंटन यांना १८७६ साली एक चमत्कारिक गोष्ट दिसली. टार्टारिक आम्लात, म्हणजे चिंचेला आंबटपणा देणाऱ्या आम्लात, थोडे फेरस लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड घातले आणि नंतर द्रावण अल्कधर्मी केले, की गडद जांभळा रंग येत होता. १८९४ साली त्यांनी या अभिक्रियेचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. तिच्या मुळाशी काय आहे याचा उलगडा करण्याचा महत्त्वाचा प्रयत्न फ्रिट्झ हाबर आणि जोसेफ वाइस यांनी १९३४ साली केला. लोहाच्या सान्निध्यात पेरॉक्साइडचा रेणू तुटतो आणि 'हायड्रॉक्सिल मूलक' नावाचा अत्यंत आक्रमक कण तयार होतो, असे त्यांनी प्रतिपादन केले.

या मूलकाचे आयुष्य सेकंदाच्या अब्जांशाच्या मापात मोजावे लागते. तेवढ्या काळात जो सेंद्रिय रेणू समोर येईल त्यावर तो तुटून पडतो. ऑक्सिडीकरणाची ताकद व्होल्टमध्ये मोजली तर क्लोरीनची सुमारे १.३६, हायड्रोजन पेरॉक्साइडची १.७७, ओझोनची २.०७ आणि हायड्रॉक्सिल मूलकाची सुमारे २.८ भरते. जिवाणूंना न फुटणारी बेंझिनची कडी हा मूलक सहज फोडतो. फेरस सल्फेट, म्हणजे आपला जुना हिराकस, आणि पेरॉक्साइड यांच्या साहाय्याने केल्या जाणाऱ्या या प्रक्रियेला 'फेंटन प्रक्रिया' म्हणतात. ओझोन, अतिनील किरण किंवा वीज वापरूनही असेच मूलक तयार करता येतात. या सर्व पद्धतींचे एकत्रित नाव 'प्रगत ऑक्सिडीकरण' असे आहे.

मग केवळ रसायनांनीच काम का भागवू नये? याचे उत्तर साध्या हिशेबात आहे.

हिशेब प्राणवायूचा आणि पैशाचा

उदाहरणादाखल दररोज १ लाख लिटर सांडपाणी सोडणारा एक रंगाई कारखाना घेऊ. त्या पाण्याचा सीओडी लिटरमागे १,५०० मिलिग्रॅम असेल, तर त्यातील सर्व सेंद्रिय द्रव्याचे ऑक्सिडीकरण करण्यास दररोज १५० किलो प्राणवायू लागेल. हा सर्व प्राणवायू हायड्रोजन पेरॉक्साइडमधून मिळवायचा ठरवले, तर रसायनशास्त्राच्या गणिताने प्रत्येक किलोमागे २.१२५ किलो शुद्ध पेरॉक्साइड हवे. म्हणजे दररोज सुमारे ३१९ किलो. बाजारात मिळणाऱ्या ५० टक्के तीव्रतेच्या द्रावणाच्या हिशेबाने हा आकडा रोज सुमारे ६३८ किलोवर जातो. त्यात हिराकस, पाणी आम्लधर्मी करण्यासाठी लागणारे आम्ल आणि ते पुन्हा उदासीन करण्यासाठी लागणारा चुना यांची भर पडते ती वेगळीच.

जिवाणू हाच प्राणवायू हवेतून घेतात आणि हवा फुकट असते. खर्च होतो तो ती पाण्यात मिसळण्यासाठी लागणाऱ्या विजेचा. साधारण चालणारी यंत्रणा एका युनिट विजेत एक ते दीड किलो प्राणवायू पाण्यात उतरवते असे धरले, तरी १५० किलोसाठी १०० ते १५० युनिट पुरतात. प्रत्यक्षात याहूनही कमी लागतात, कारण जिवाणू खाल्लेल्या अन्नाचा मोठा भाग न जाळता स्वतःची शरीरे बांधण्यासाठी वापरतात.

आता दोघांची सांगड घालून पाहू. जिवाणूंनी ८० टक्के भार उतरवला, तर पेरॉक्साइडपुढे १५० ऐवजी ३० किलोच उरतात. त्यांच्या पूर्ण ऑक्सिडीकरणास लागणारे द्रावण ६३८ किलोंवरून सुमारे १२८ किलोंवर येते. शिवाय सर्व काही जाळून टाकण्याची गरजही नसते. हट्टी रेणूचे तुकडे करून ते जिवाणूंच्या तोंडी देता येण्याजोगे झाले, की रसायनाचे काम संपते. उरलेले काम पुन्हा स्वस्तातील मजुरांकडे सोपवता येते. दोन्ही पद्धती एकत्र आणण्यामागचे मर्म हेच होय.

आधी कोण, नंतर कोण?

हायड्रॉक्सिल मूलकाला आपपरभाव नसतो. पाण्यात साखर असो वा विषारी रंग, तो दोघांवर सारखाच तुटून पडतो. त्यामुळे कापडाच्या खळीतून आलेला स्टार्च भरपूर असलेल्या पाण्यात आधीच पेरॉक्साइड ओतणे म्हणजे जिवाणूंनी फुकट खाल्ले असते ते अन्न महागड्या रसायनाने जाळणे होय. अशा पाण्यात जिवाणूंना पहिला मान द्यावा आणि त्यांनी टाकून दिलेल्यावर रसायन खर्च करावे, हे शहाणपणाचे ठरते.

याउलट पाणीच विषारी असेल तर क्रम उलटा करावा लागतो. फिनॉल, कीटकनाशके किंवा औषधनिर्मितीतील काही द्रावणे तीव्र प्रमाणात टाकीत आली तर जिवाणू मरू लागतात. गाळ बसेनासा होतो, टाकीवर फेस चढतो आणि घडी पुन्हा बसायला कित्येक दिवस, प्रसंगी आठवडे लागतात. अशा प्रवाहाला आधी ऑक्सिडीकरणाने सौम्य करून घेतात. हे करताना कारखान्यातील सर्व पाणी एकत्र करण्याऐवजी तो विषारी प्रवाह वेगळा ठेवणे फायद्याचे असते, कारण थोड्या पाण्यावर थोडे रसायन लागते. प्रत्यक्षात मात्र सर्व नळ्या एकाच हौदात सोडण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे आणि पुष्कळ यंत्रणांच्या अपयशाचे मूळ तेथेच असते.

तिसरा मार्ग दोन्ही गोष्टी एकाच टाकीत करण्याचा. हवा घालण्याच्या टाकीतच सक्रिय कोळशाची पूड मिसळली, तर कोळसा विषारी रेणूंना धरून ठेवतो आणि जिवाणूंना सावकाश काम करण्यास अवधी मिळतो. अमेरिकेतील ड्युपाँ कंपनीने १९७० च्या दशकात ही पद्धत विकसित केली. शहरी मैलापाण्यातील फॉस्फरस काढण्यासाठी त्याच टाकीत लोहाचे किंवा ॲल्युमिनियमचे क्षार सोडण्याची रीतही अनेक देशांत रुळली आहे.

रंग गेला, विष गेले का?

रंगाईच्या पाण्यात हे सर्व प्रश्न एकाच ठिकाणी भेटतात. कापडासाठी वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम रंगांत 'ॲझो' गटातील रंगांचे प्रमाण सर्वांत मोठे आहे. नत्राच्या दोन अणूंमधील दुहेरी बंध हे त्यांचे वैशिष्ट्य. सुती कापडासाठीचे 'रिॲक्टिव्ह' रंग १९५६ साली बाजारात आले आणि त्यांच्या पक्केपणामुळे लोकप्रिय झाले. मात्र हौदात घातलेला सर्व रंग धाग्याला चिकटत नाही. रंगाच्या जातीनुसार १० टक्क्यांपासून ४० टक्क्यांपर्यंत रंग पाण्यातच राहतो. उन्हाने, घामाने आणि साबणाने जाऊ नये म्हणून घडवलेला हा रंग हवेवर जगणाऱ्या जिवाणूंनाही सहसा दाद देत नाही.

हवेशिवाय जगणारे जिवाणू मात्र तो नत्राचा बंध तोडू शकतात. बंध तुटताच रंग नाहीसा होतो आणि पाणी नितळ दिसू लागते. लोखंडाचा कीस भरलेल्या टाकीतून पाणी सोडले तरी असाच परिणाम साधतो. धोका येथेच आहे. रंगाचा रेणू नष्ट झालेला नसतो, तो दोन तुकड्यांत विभागलेला असतो. हे तुकडे म्हणजे 'ॲरोमॅटिक अमाइन' होत. त्यांपैकी बेंझिडीनसारखे काही कर्करोगकारक म्हणून सिद्ध झाले आहेत. अशी घातक अमाइन सोडू शकणाऱ्या ७० ॲझो रंगांच्या हाताळणीवर भारत सरकारने १९९७ साली बंदी घातली. उरलेल्या रंगांचे तुकडे तितके घातक नसले, तरी ते नदीत जावेत असेही नव्हे.

म्हणून रंग उडाल्यावर पाणी थेट नाल्यात न सोडता ते हवेच्या टाकीत न्यावे लागते. तेथील जिवाणू बऱ्याच अमाइनांचा फडशा पाडतात. गंधकाम्लाचे गट जोडलेली काही अमाइने तरीही शिल्लक राहतात आणि त्यांच्यासाठी शेवटी फेंटन किंवा ओझोनचा उपाय योजावा लागतो. बिनहवेची टाकी, हवेची टाकी आणि अखेरीस रासायनिक ऑक्सिडीकरण ही साखळी पूर्ण झाली तरच पाणी खऱ्या अर्थाने सुरक्षित होण्याच्या मार्गाला लागते. यातील एखादा दुवा वगळला तरी पाणी डोळ्यांना स्वच्छच दिसेल, ही यातील सर्वांत मोठी फसगत आहे. केवळ ब्लीचिंग पावडर किंवा सोडियम हायपोक्लोराइट ओतून रंग घालवण्याचा सोपा मार्ग याच कारणाने निषिद्ध मानला पाहिजे. त्यातून क्लोरीनयुक्त नवी सेंद्रिय संयुगे तयार होतात आणि ती मूळ रंगापेक्षाही त्रासदायक ठरू शकतात.

स्वित्झर्लंडचा धडा

ही सांगड केवळ कारखान्यांपुरती नाही. घरोघरी घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक, प्रतिजैविक आणि अपस्मारावरील औषधांचा काही अंश शरीरातून मैलापाण्यात उतरतो. नेहमीच्या जैविक केंद्रातून यांतील कित्येक औषधे तशीच बाहेर पडतात. प्रमाण लिटरमागे मायक्रोग्रॅमच्या घरातील असले तरी जलचरांवर त्याचे परिणाम दिसू लागल्याने स्वित्झर्लंडने आपला जलसंरक्षणाचा नियम बदलला आणि १ जानेवारी २०१६ पासून तो लागू केला. निवडक केंद्रांनी अशा सूक्ष्म प्रदूषकांपैकी ८० टक्के भाग काढलाच पाहिजे, असे त्याने बंधनकारक केले.

झुरिचजवळील ड्युबेनडॉर्फ येथील नॉयगुट केंद्रात २०१४ पासून याच हेतूने ओझोनची यंत्रणा चालू आहे. तेथील क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी जिवाणू आपले काम उरकतात. नंतर त्यांना न पचलेल्या औषधांच्या रेणूंवर ओझोन सोडला जातो. त्यानंतर पाणी वाळूच्या गाळणीतून जाते. ती गाळणी केवळ वाळूची नसते. वाळूच्या कणांवर जिवाणूंचा पातळ थर वाढलेला असतो आणि ओझोनने केलेले तुकडे तो थर खाऊन टाकतो. जिवाणू, रसायन आणि पुन्हा जिवाणू असा हा त्रिवेणी क्रम आहे.

खर्च कोणी सोसायचा, या प्रश्नालाही युरोपने उत्तर शोधले आहे. युरोपीय संघाने २०२४ साली संमत केलेल्या सुधारित निर्देशानुसार मोठ्या शहरांच्या केंद्रांना असा चौथा टप्पा टप्प्याटप्प्याने बसवावा लागणार आहे. त्याच्या खर्चाचा किमान ८० टक्के भार औषधे आणि सौंदर्यप्रसाधने बनवणाऱ्या कंपन्यांनी उचलावा, अशी तरतूद त्यात केलेली आहे. घाण करणाऱ्याने भरपाई करावी हे तत्त्व भारतातही न्यायालयांनी मान्य केलेले आहे. ते सांडपाण्याच्या दरपत्रकात कसे उतरवायचे, हा प्रश्न मात्र येथे अजून सुटायचा आहे.

सांगडीच्याही मर्यादा

दोन पद्धती एकत्र आल्या म्हणजे दोघांच्या अडचणीही एकत्र येतात. फेंटन प्रक्रिया पाण्याचा सामू ३ च्या आसपास असताना उत्तम चालते, तर जिवाणूंना तो ७ च्या जवळ हवा असतो. मधल्या टप्प्यावर चुना किंवा कॉस्टिक घालताच लोह तांबूस गाळाच्या रूपाने खाली बसते. हा गाळ घातक कचऱ्यात मोडत असेल तर तो तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरी येथील अधिकृत केंद्रांकडे पाठवावा लागतो. त्याचा वाहतुकीसह होणारा खर्च टाळण्यासाठी तो रातोरात कोठेतरी टाकून दिला, तर पाण्यातील प्रश्न केवळ जमिनीत गेला असे म्हणावे लागेल. लंडनच्या गाळवाहू जहाजांपेक्षा हा प्रकार वेगळा नाही.

ऑक्सिडीकरणानंतर थोडे पेरॉक्साइड पाण्यात शिल्लक राहिले तर ते पुढच्या टाकीतील जिवाणूंना इजा करते. शिवाय सीओडीच्या चाचणीत ते स्वतःच डायक्रोमेट खर्च करत असल्याने आकडा फुगवून दाखवते. घाईने तपासलेल्या नमुन्यावरून प्रक्रिया निकामी ठरवल्याचे प्रसंग यामुळे घडू शकतात. पाण्यात ब्रोमाइड असेल तर ओझोनमुळे ब्रोमेट हा कर्करोगाचा संशय असलेला पदार्थ तयार होतो. म्हणून ओझोन बसवण्यापूर्वी पाण्याची तशी तपासणी आवश्यक मानली जाते.

सर्वांत मोठी मर्यादा मिठाची आहे. रिॲक्टिव्ह रंग धाग्यावर चढण्यासाठी हौदात भरपूर मीठ घालावे लागते. मीठ जिवाणू खात नाहीत आणि कोणतेही ऑक्सिडीकरण त्याला नाहीसे करत नाही. तिरुपूरला याची मोठी किंमत मोजावी लागली. नोय्यल नदीवर सिंचनासाठी १९९२ साली बांधलेले ओरतुपाळयम धरण रंगाईच्या क्षारयुक्त पाण्याने भरले आणि खालच्या शेतकऱ्यांना त्या पाण्याचा शेतीसाठी उपयोग राहिला नाही. अखेरीस जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तेथील रंगाई कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. त्यानंतर तेथील उद्योगाला 'शून्य विसर्ग' पद्धतीचा अवलंब करावा लागला. तीत जैविक आणि रासायनिक प्रक्रियेनंतर पाणी पटलांतून गाळून पुन्हा वापरतात आणि उरलेला खारा द्राव आटवून मीठ वेगळे काढतात. यातही जिवाणू आणि रसायने यांची जोडी अनिवार्यच राहते, कारण सेंद्रिय घाण आधी काढली नाही तर ती पटले लवकर तुंबवते.

आकड्यांपलीकडे

महाराष्ट्रात पाणी प्रदूषणाचा कायदा १९६९ सालचा, म्हणजे केंद्राच्या १९७४ च्या कायद्याहूनही आधीचा आहे. राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० पासून काम करत आहे आणि नागपूरची 'नीरी' ही संस्था १९५८ पासून या क्षेत्रात संशोधन करत आहे. ज्ञानाची आणि कायद्याची वाण येथे कधीच नव्हती. औद्योगिक वसाहतींत सामुदायिक प्रक्रिया केंद्रेही उभी राहिली. तथापि, अनेक कारखान्यांचे वेगवेगळे पाणी एकाच केंद्रात येते तेव्हा तेथील जिवाणूंना दररोज नवेच ताट वाढले जाते. एखाद्या सभासदाने रात्री विषारी हौद रिकामा केला, तर सर्वांच्या पैशातून वाढवलेली जिवाणूंची वसाहत सकाळपर्यंत आडवी झालेली असते. अशा वेळी कारखान्याच्या आवारातच विषारी प्रवाहाला रासायनिक पूर्वप्रक्रिया देणे आणि मग तो सामुदायिक केंद्रातील जिवाणूंकडे पाठवणे, ही विभागणी तांत्रिकदृष्ट्या योग्य आणि न्याय्यही ठरते. ज्याने विष तयार केले त्यानेच ते उतरवावे आणि सर्वसाधारण घाणीचा भार सर्वांनी मिळून वाहावा, असे तिचे सूत्र आहे.

वस्त्रोद्योगासाठी २०१६ साली जाहीर झालेल्या सुधारित निकषांत बीओडी आणि सीओडीबरोबर रंगालाही मर्यादा घालण्यात आली, हे चांगले पाऊल होते. मात्र रंग, बीओडी आणि सीओडी हे तिन्ही आकडे मर्यादेत असूनही पाण्यात अल्प प्रमाणात घातक अमाइने राहू शकतात. ती ओळखण्यासाठी त्या पाण्यात मासे किंवा पाणपिसवा किती काळ तग धरतात, हे पाहणारी विषारीपणाची चाचणी अधिक विश्वासाची असते. नदीकाठच्या नगरपालिकांनी, पाणी उचलणाऱ्या गावांनी आणि शहरातील जागरूक नागरिकांनी प्रक्रिया केंद्राच्या अहवालात बीओडीच्या आकड्यावर समाधान न मानता सीओडीचा आकडा, या चाचणीचा निकाल आणि गाळ कोठे गेला याची पावती, या तीन गोष्टी मागितल्या पाहिजेत. केंद्रातील जिवाणू आणि रसायने आपापले काम खरोखर करत आहेत की नाही, हे त्यावरून कळू शकते.